उताऱ्यावर नाव नाही, हातात मात्र कुंचा!

"घर विकायला काढलंय. रविवारी गिऱ्हाईक येणार आहे. जरा नीटनेटकं करून घ्या. खर्च फार करायचा नाही, घरच्या घरी भागवा."

मैत्रिणींनो, हे वाक्य घरात कुणाला उद्देशून बोललं जातं, ते सांगायला हवं का? 'घरच्या घरी' म्हणजे घरातल्या बायांनी. 'खर्च करायचा नाही' म्हणजे मजूर लावायचा नाही. जे काम रंगाऱ्याकडून, गवंड्याकडून करून घेतलं तर पैसे मोजावे लागतात, तेच काम सासू, सून, माहेरी आलेली लेक यांनी केलं की ते फुकट होतं! एवढंच नाही, ते काम आहे हेच कुणाच्या लक्षात राहत नाही.

कमी पैशात घर विक्रीला तयार कसं करावं, याचे सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. चुना मारा, अडगळ काढा, दारं धुऊन घ्या, उजेड येऊ द्या. सल्ले खोटे नाहीत. पण हे सगळं स्वस्तात होतं ते कुणाच्या जिवावर, आणि घर विकून आलेला पैसा जातो कुणाच्या खिशात, हे दोन प्रश्न कुणी विचारत नाही. ते आपणच विचारायला हवेत. आणि विचारायची वेळ कुंचा हातात घेण्याच्या आधीची आहे, नंतरची नाही.

नऊ दिवसांचा हिशेब

माझ्याच माहेराची गोष्ट सांगते. २०२५ च्या जानेवारीत भोकरदन तालुक्यातलं आमचं घर विकायचं ठरलं. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. थोरला भाऊ वाळूजच्या कारखान्यात, आठवड्याला येणारा. धाकटा पुण्यात. गावात राहायला आई, थोरली वहिनी आणि तिची दोन मुलं. जागा वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली, घरही त्यांनीच बांधलेलं. पुढची खोली माळवदाची, मागच्या दोन विटांच्या, वर पत्रे.

आई, वहिनी, थोरली बहीण आणि मी, अशा चौघी नऊ दिवस राबलो. माळ्यावरचं तीस वर्षांचं सामान खाली काढलं. उंदरांची बिळं बुजवली. भिंतीचे पोपडे खरवडून शेणमातीनं लिंपलं. रात्री चुना भिजवला, सकाळी गाळून त्यात नीळ घातली, सगळ्या खोल्यांना दोन-दोन हात दिले. चौकटींना तेलरंग लावला. पत्र्याच्या खिळ्यांभोवती डांबर भरलं. न्हाणीतलं शेवाळ घासलं, हौद उपसला, अंगण सारवलं. चुन्यानं आईच्या बोटांना चिरा पडल्या. रात्री ती त्यात खोबरेल भरून झोपायची.

विकत काय आणलं? चुना, नीळ, दोन कुंचे, तेलरंगाचा एक डबा, डांबर, सिमेंटची एक गोणी, दोन बल्ब. एकूण ३,१४० रुपये. भाऊ गिऱ्हाइकासमोर कौतुकानं म्हणाला, "तीन हजारांत घर नवं करून काढलं बघा!"

आता आपण आपला हिशेब मांडू. चौघींचे नऊ दिवस म्हणजे ३६ दिवस. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. चुना मारणं, गिलावा करणं ही तर कसबाची कामं, त्यांचा बाजारभाव याहून जास्त. तरी आपण सर्वांत खालचा दर धरू. ३६ दिवसांचे १०,६९२ रुपये होतात. म्हणजे घर तयार करायला लागले १३,८३२ रुपये. त्यातले ३,१४० दिसले, कारण ते भावाच्या खिशातून गेले. उरलेले बायांच्या अंगातून गेले, म्हणून दिसले नाहीत!

आणि हे कुठल्या जिल्ह्यात? १९७२ च्या दुष्काळात ज्या मराठवाड्यातल्या बायांनी रस्त्यांवर खडी फोडली, तिथं. त्या दुष्काळाच्या अनुभवातून महाराष्ट्रात १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. हमीच्या कामावर बाईनं उचललेल्या पाटीची मोजणी होते आणि हजेरीपटावर तिचं नाव लागतं. तीच बाई घरी येऊन तेवढीच माती उचलते तेव्हा ना मोजणी, ना हजेरी. सरकारच्या कामावर ती मजूर आणि नवऱ्याच्या घरी ती 'मोकळीच'!

ओल झाकू नका

एक गोष्ट आमच्यात वादाची झाली. मागच्या खोलीची पश्चिमेची भिंत ओल धरते. भावाचं म्हणणं, तिच्यावर डिस्टेंपरचा जाड हात द्या आणि समोर कपाट उभं करा. आई नाही म्हणाली.

कायदाही आईच्याच बाजूचा आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं कलम ५५ सांगतं की, साध्या पाहणीत घेणाऱ्याच्या लक्षात येणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल तर त्यानं तो सांगितला पाहिजे. पण आईला कलम कुठं माहीत? ती म्हणाली, "जी बाई इथं राहायला येईल, तिला पावसाळ्यात अंथरूण कुठं घालायचं ते मी सांगायला नको?"

रविवारी गिऱ्हाईक आलं. पुरुष ओसरीवर भावाबद्दल बोलत बसले आणि त्याची बायको घरभर फिरली. तिनं हौदावरची फळी उचलून पाहिली आणि विचारलं, "पाणी किती दिवसांनी येतं?" जालना जिल्ह्यातल्या बाईला घर बघताना हाच प्रश्न पहिला सुचतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहरसुद्धा टँकरवर जगलं, हे कोण विसरलंय? आईनं खरं ते सांगितलं. उन्हाळ्यात टँकर, एरवी नळ आड दिवसानं, आणि ही भिंत ओलावते. भावाचा चेहरा उतरला. पण सौदा मोडला नाही. भिंतीचे म्हणून गिऱ्हाइकानं पंधरा हजार कमी केले, एवढंच.

त्या बाईच्या हाती तरी काय होतं? घर तिनं पारखलं, आणि इसार पावतीवर सही तिच्या नवऱ्याची झाली. विकणारी बाई राबते, घेणारी बाई पारखते. व्यवहार मात्र दोन पुरुषांचा होतो!

'फक्त एक सही आहे'

नवव्या दिवशी संध्याकाळी हात धुऊन बसलो तेव्हा भावानं पिशवीतून कागद काढले. "उद्या सगळ्यांनी रजिस्ट्री ऑफिसला चला. तुमची दोघींची फक्त एक सही आहे. आईचीही घ्यायची आहे."

कागद होता हक्कसोडपत्राचा.

घर विक्रीला तयार करायचं म्हणजे भिंतीबरोबर कागदही साफ करायचे असतात. भिंतीवरचे डाग चुन्यानं जातात. कागदावरचे डाग कोणते? तर बहिणी आणि आई! त्यांची नावं पुसली की उतारा स्वच्छ. तेही अगदी स्वस्तात. सख्ख्या भावाला विनामोबदला हक्क सोडून द्यायचा तर मुद्रांकाला काही शे रुपये पुरतात. या सगळ्या खटाटोपात सर्वांत स्वस्त वस्तू कोणती असेल तर ती बहिणीची सही. चुन्याच्या गोणीलाही पैसे पडतात, सहीला साडी-चोळीवर भागतं.

आपला हक्क किती जुना आहे, ते नीट समजून घेऊ या. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं, वडिलांनी स्वतः कमावलेली मालमत्ता मृत्युपत्र न करता मागं राहिली तर तिच्यात मुलगा, मुलगी आणि विधवा पत्नी यांना सारखा वाटा दिला. हा कायदा हिंदूंप्रमाणे बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे. म्हणजे आमच्या घराचे सरळ पाच हिस्से होत होते. आई, दोन भाऊ, दोन बहिणी. हे काही कालपरवा मिळालेलं दान नाही!

तरीही त्याच कायद्यात कलम २३ घालून ठेवलं होतं. राहत्या घराची वाटणी पुरुष वारसांनी ठरवल्याशिवाय मुलीला मागता येत नव्हती. लग्न होऊन नांदणाऱ्या मुलीला तर त्या घरात राहण्याचाही हक्क नव्हता. तो फक्त अविवाहित, टाकलेल्या, वेगळ्या राहणाऱ्या किंवा विधवा मुलीला. म्हणजे आधी नवऱ्यानं टाकावं किंवा मरावं, मग बापाच्या घरात कोपरा मिळेल! हे कलम जायला २००५ साल उजाडावं लागलं. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला जन्मानं हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या लेकींना वगळून. सगळ्या देशात तो हक्क ९ सप्टेंबर २००५ पासून आला. त्या दिवशी वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क शाबूत आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात पक्कं केलं.

मुसलमान बहिणींचा हिस्सा शरियतनं ठरवून दिलेला आहे. मुलाच्या निम्मा मुलीचा, आणि मुलंबाळं असतील तर विधवेचा आठवा. तो निम्मा आहे याविषयी बोलायला हवंच. पण तोही प्रत्यक्षात किती जणींच्या हातात पडतो? 'भावाला माफ केलं' म्हणायला लावायची रीत तिथंही आहेच. धर्म वेगळे, पण बहिणीकडून सही घेण्याची युक्ती सगळीकडे एक!

आम्ही दोघी बहिणींनी सही केली नाही. आईलाही करू दिली नाही. तीन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. धाकटा फोनवर म्हणाला, "माहेर तोडायचंय का?" अखेर विक्रीच्या कागदावर पाचही जणांची नावं लागली आणि पाच खात्यांवर पाच हिस्से आले. आई बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःच्या पासबुकात स्वतःचे पैसे बघत होती.

इथं गोष्ट संपवली असती तर ती जिंकल्याची झाली असती. पण ती इथं संपत नाही.

वहिनीचं काय?

कुंचा सर्वांत जास्त कुणी चालवला? वहिनीनं. सोळा वर्षं त्या घरात आईबरोबर राहिली कोण? वहिनी. दर पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती चढवली तिनं. वडिलांच्या आजारपणात रात्री जागली ती. हिस्से पडले पाच, आणि त्यात ती कुठंच नाही. पैसे आल्यावर तिचा संसार उचलून वाळूजला भाड्याच्या एका खोलीत गेला.

निघताना ती मला म्हणाली, "ताई, तुम्हाला सही मागायला तरी आले. मला तर कुणी सहीबी मागितली नाही."

मैत्रिणींनो, त्या दिवसापासून मला माझा पाचवा हिस्सा पुरेसा वाटत नाही. सुनेच्या श्रमाचा वारसा कायद्यात उल्लेखच नाही. नवऱ्याच्या नावचं घर नवऱ्यानं विकलं तर बायकोची संमती विचारायलाच हवी, असा नियम आपल्याकडे नाही. आम्ही दोघी बहिणींनी आमच्या पैशातून वहिनीच्या खात्यावर काही रक्कम टाकली. उपकार म्हणून नव्हे, थकलेली मजुरी म्हणून. पण एखाद्या बाईचा हक्क नणंदेच्या चांगुलपणावर टांगून ठेवायचा का?

संमतीचा नियम शक्यच नाही, असं म्हणणाऱ्यांनी शेजारच्या गोव्याकडे बघावं. तिथं पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कुटुंब कायद्यात, वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची सामाईक धरली जाते, आणि घर किंवा जमीन विकायची तर एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय विकता येत नाही. त्यानं गोव्यातले संसार मोडून पडले का? घरांचे व्यवहार थांबले का? मग सिंधुदुर्गाची हद्द ओलांडून इकडे आलं की बायकोची सही एकाएकी अनावश्यक कशी होते?

आपल्याकडे प्रयत्न झालेच नाहीत असंही नाही. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीच्या चांदवडच्या अधिवेशनात १९८६ साली हजारो शेतकरी बाया जमल्या. त्यातून पुढे 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम निघाली. गावातल्या शंभर शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली की ते गाव लक्ष्मीमुक्तीचं. बायकोचं नाव सातबाऱ्यावर घेण्याबद्दल १९९२ साली सरकारनं परिपत्रकही काढलं. २००३ साली ग्रामीण भागातल्या घरांची नोंद ग्रामपंचायतीत पती-पत्नी दोघांच्या नावे करण्याचा शासन निर्णय झाला. 'घर दोघांचं' ही घोषणा गावोगाव गेली. पण किती घरांत प्रत्यक्ष अर्ज झाला? आपल्याच गावच्या ग्रामपंचायतीत जाऊन नोंदवही उघडून बघा.

२०२१ साली राज्यानं बाईच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली. त्यातही अट काय होती? पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही! नवरा घर विकतो तेव्हा त्याला कुणी काही विचारत नाही. बाईच्या नावे घर झालं की तिच्या हातावर आधी गाठ मारायची. २०२३ साली ती अट काढली, ते बरंच झालं. पण सवलतीपुरतं बायकोचं नाव आणि व्यवहार नवऱ्याचा, हा प्रकार अटी काढून जात नाही.

नेहमीची तीन उत्तरं

'लग्नात हुंडा दिला, मग वाटा कशाला?' हुंडा १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तो मुलीला नव्हे, तिच्या सासरच्यांना दिला जातो. गुन्ह्यात गेलेले पैसे मुलीच्या हिश्श्यातून कसे वजा होतील?

'नवऱ्याचा हिस्सा म्हणजे बायकोचाच की!' मग तो तिच्या नावावर करायला हात का थरथरतो? समृद्धी महामार्गात जालना आणि बदनापूर तालुक्यांतल्या जमिनी गेल्या. मोबदला गेला तो कागदावर ज्यांची नावं होती त्यांच्या खात्यावर. त्या शेतांत निंदणी-खुरपणी करणाऱ्या बायांना कुणी 'तुमचंच आहे' म्हणून चेक दिला नाही.

'घरच्या कामाचा हिशेब मांडला तर घराची खानावळ होईल.' अहो, हिशेब तर मांडलाच होता! चुन्याचा, डांबराचा, बल्बचा, दलालाच्या टक्क्यांचा. फक्त बाईच्या श्रमाचा मांडला की माया आटते?

मग करायचं काय?

घर विकायचंच नाही, असं आम्ही म्हणत नाही. आजारपण, कर्ज, पोटासाठी गाव सोडणं, कारणं खरी असतात. पण यापुढे क्रम बदलू या.

चुना भिजवण्याआधी ग्रामपंचायतीचा किंवा नगर भूमापनाचा उतारा काढून आणा आणि वाचा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून वाचून घ्या. एक ध्यानात ठेवा, ग्रामपंचायतीची नोंद ही कराची नोंद आहे. मालकीचा तो शेवटचा पुरावा नव्हे. म्हणून खरेदीखत, मोजणी, जुने कागद, सगळं बघा.

घर विकायचं नसेल तेव्हाच, आज, दोघांच्या नावाचा अर्ज द्या. गिऱ्हाईक दारात आल्यावर उशीर झालेला असतो.

हक्कसोडपत्रावर लगेच सही करू नका. कागद घरी न्या, चार दिवस ठेवा, वकिलाला दाखवा. एकदा नोंदणी झाली की ते रद्द करायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

पैसे रोख घेऊ नका आणि भावाच्या किंवा मुलाच्या खात्यावर 'सांभाळायला' देऊ नका. ज्याचा हिस्सा, त्याचं खातं. आईचं खातं आधी.

खर्चाच्या वहीत चुन्याच्या खाली आपले दिवस लिहा. नाव, तारीख, काम. सुनेचे आधी लिहा.

आणि राहतं घर विकून बाईला रस्त्यावर काढायचा डाव दिसला तर गप्प बसू नका. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा सामाईक घरात राहण्याचा हक्क देतो, आणि ते घर विकायला मनाई करणारा आदेश कोर्टाकडून मागता येतो. जिल्ह्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. एकटीनं जाऊ नका, चौघी मिळून जा.

सरकारकडे आपली मागणी एकच आहे आणि ती साधी आहे. राहतं घर विकायचं तर त्या घरात नांदणाऱ्या बायकोची लेखी संमती असल्याशिवाय नोंदणी होऊ नये, आणि आलेल्या पैशात तिचा वाटा असावा. गोव्यात पती-पत्नीला जे मिळतं ते जालन्यातल्या बाईला का नको?

भिंतीला चुना लावायला आपण कमी पडत नाही. नऊ दिवसांत पडकं घर उभं करतो. पण बाईकडून भिंतीला चुना लावून घ्यायचा आणि शेवटी तिलाच चुना लावायचा, हे आता बंद झालं पाहिजे.

कुंचा खाली ठेवा बायांनो. आधी उतारा बघू.